उतरायचं त्यानं आत्ताच उतरा

कंडक्टर वारला तेव्हा चर्चमध्ये भाषणं झाली. एकजण म्हणाला, त्यांचं मुलांवर फार प्रेम होतं. दुसरा म्हणाला, ते अतिशय मनमिळाऊ होते. तिसऱ्यानं त्याच्या गोड वाणीचं कौतुक केलं, तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम खोकल्याची साथ आली.

मी चौथी शिकलेली बाई आहे. मिशनच्या बोर्डिंगात पोरींसाठी भाकरी थापण्यात माझा जन्म गेला. पण खोटं ऐकून घ्यायचं वय आता उरलेलं नाही, म्हणून हे लिहिते. कंडक्टरला मुलं आवडत नव्हती. त्याला गोंगाट आवडत नव्हता, खिदळणं आवडत नव्हतं, आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं तर त्याला बिनतिकिटाच्या उतारूंसारखी वाटायची. तरीही आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चखालच्या वस्तीतली पोरं ज्या एका माणसापायी कामाला लागली, तो हाच. फादरांनी आणि सिस्टरांनी गोड बोलून जे जमवलं नाही, ते ह्यानं तोंड वाकडं करून जमवलं.

मी त्याला 'तो' म्हणते, कारण तो माझ्या माहेरच्या गल्लीतला आणि माझ्याहून लहान. नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून पाहिलेला आहे. तो मला आक्का म्हणायचा.

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावरचं. एस.टी.त त्याची सगळी नोकरी उभ्यानं गेली आणि रिटायर झाल्यावरही त्याला बसायचं कसं ते जमलं नाही. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तो मागच्या दाराशी उभा. बाक रिकामा असला तरी उभा. दारात घोटाळणाऱ्यांना 'पुढं सरका, मधी लई जागा हाय' म्हणायचा, मग वेदीवर काहीही चालू असो. प्रवचन लांबलं की दाराच्या फळीवर दोन ठोके द्यायचा. गाडीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे लहान पोरालाही ठाऊक. आधीचे म्हातारे फादर ते ऐकून हसायचे आणि आमेन म्हणून प्रवचन संपवायचे. नंतर आलेल्या तरुण फादरना ते ठोके कशाचे हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी सुतार बोलावून दार तपासून घेतलं.

म्हाताऱ्या फादरांनीच बदली होऊन जाताना दृढीकरणाचा वर्ग त्याच्या गळ्यात घातला. दृढीकरण म्हणजे बिशप येतात, पोरांच्या कपाळाला पवित्र तेल लावतात आणि त्या दिवसापासून पोरं धर्मात जाणती धरायची. त्याआधी वर्षभर रविवारी वर्ग असतो. पूर्वी त्यात प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचे. कंडक्टरनं पहिल्याच रविवारी पोरांना पुस्तकं मिटायला सांगितली. म्हणाला, पाठांतर घरी आईसमोर करा, इथून कामाला जायचं आहे. काय काम ते तिथं गेल्यावर कळेल. त्याचं सर्टिफिकेट नाही, खाऊ नाही, शाबासकी नाही. मग त्यानं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला.

"उतरायचं त्यानं आत्ताच उतरा. मधी गाडी थांबनार न्हाई."

दर कामाआधी तो हेच म्हणायचा. जो उठून गेला त्याला कारण विचारायचा नाही. तोच पुढच्या रविवारी परत आला तर टोमणाही मारायचा नाही. ह्याच पोरांना वर्गात ओढून आणायला आयांनी चपला झिजवल्या होत्या, सिस्टरांनी रंगीत चित्रं वाटली होती. ह्यानं दार उघडं टाकलं आणि पोरं आत थांबली. माझी नात त्या वर्गात होती. मी तिला विचारलं, त्या खडूस माणसात तुम्हाला काय दिसतं. म्हणाली, "आजी, ते आमाला नको म्हणायची मुभा देतात. दुसरं कोण देतं?"

कामं तरी कसली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडं पाणी भरायचं. आजाऱ्याला दवाखान्यात नेऊन रांगेत उभं राहायचं. स्टँडवरची मुतारी धुवायची. थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या कोप्यांवर जायचं. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. आईबाप फडात ऊस तोडतात आणि लेकरं मागं धुळीत लोळतात. कंडक्टर कैक वर्षं मिरजगावच्या मुक्कामी गाडीवर होता, तिकडची ही माणसं भांडीकुंडी घेऊन त्याच्याच गाडीत चढायची. त्यांची लेकरं सांभाळायला, त्यांना आंघोळ घालायला तो आमच्या पोरांना घेऊन जायला लागला. नात पहिल्या दिवशी घरी आली ती डोक्यात उवा घेऊन. मी फणी घेऊन बसले आणि कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तरुण फादर भले होते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो लागायचा. त्यांनी युवकांचा सेवा सप्ताह काढला, पिवळे टी-शर्ट छापून आणले आणि सिस्टरांनी सकाळीच झाडलेलं अंगण पोरांनी पुन्हा झाडायचं ठरलं. फोटोत कचरा दिसायला हवा म्हणून कुणीतरी पाला आणून पसरला. कंडक्टर दुरून पाहत होता. फोटो झाल्यावर त्यानं पोरांना टी-शर्टासकट मुतारीवर नेलं. संध्याकाळी तो पिवळा रंग कुणाच्या आईला ओळखू आला नाही. फादर म्हणाले, अहो, ते पुढच्या वर्षी परत वापरायचे होते. कंडक्टर म्हणाला, "वापरा की. आता कामाचे झाले."

इथवर लोक हसत होते. गोष्ट कबरीवर आली तेव्हा हसू बंद झालं.

आमच्यात मयत झालं की चर्चची घंटा एकेक ठोका लांबवून वाजते. पूर्वी ती ऐकली की घरटी एक गडी टिकाव-फावडं घेऊन दफनभूमीत जायचा. मग तरणे गडी पुण्याला नि चाकणला गेले आणि मागं राहिले ते गुडघे धरून बसलेले. लोक जेसीबी बोलवायला लागले. ते यंत्र कुंपण मोडून आत यायचं, शेजारच्या कबरी दाबायचं आणि पाइपलाइनला चर खणावा तसा खड्डा खणून जायचं. माझ्या मालकांच्या कबरीवरचा क्रूस असाच वाकला. कंडक्टर म्हणाला, यंत्र नको, कबर पोरं खणतील. पोरी आल्या तर पोरीही. आजवर आमच्यात बाईमाणूस कबर खणायला गेलेलं नव्हतं.

आणि पोरं गेली. पोरीही गेल्या. एका पोरानं हाताला फोड येईपर्यंत खणलं आणि वर येऊन विचारलं, कशी झाली. कंडक्टरनं खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, माती भुसभुशीत हुती.

बाहेरच्या माणसाला वाटेल, खड्डा तर खणायचा, त्यात एवढं काय. आमचे आजे-पणजे गावकीची कामं करायचे. गावाचं मेलेलं ढोर ओढायचं, कुणाच्या मरणाचा सांगावा घेऊन पायी दुसऱ्या गावाला जायचं, सरणाची लाकडं फोडायची आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. नाही म्हणायची सोय नव्हती. ती कामं सोडली ती मार खाऊन सोडली. मिशनच्या शाळेत पाटी हातात धरली ती त्याचसाठी. माझा सासरा ढोरं ओढलेला माणूस. मरेपर्यंत जेवायला बसताना तो पुन्हा पुन्हा हात धुवायचा. त्याच्या पणतीनं मयताच्या कामाला फावडं उचलायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मी पदर खोचून कंडक्टरच्या दारात गेले. तो ओसरीवर उभ्यानं चहा पीत होता.

"सोताच्या पोराला विंजनेर केलास, आन आमच्या पोरींना खड्डे खनायला लावतोस व्हय रं?"

"मी लावत न्हाई, आक्का. इचारतो."

"माझ्या सासऱ्यानं काय काय वढलं ते तुला ठावं हाय."

"हाय ना. माझ्या बापानंबी वढलं. त्यांना इचारलं हुतं का कुनी?"

"त्यांना कोन इचारनार?"

"मंग. तुझ्या नातीला इचारलं, ती व्हय म्हनली. तुला नको असंल तर तिला न्हाई म्हनायला लाव, मी एक सबूद बोलनार न्हाई. पर तुझ्या धाकानं न्हाई म्हनली, तर त्योबी हुकूमच झाला की."

कप विसळून ठेव एवढं मी बोलले आणि परत आले. नातीला मी जा म्हटलं नाही आणि अडवलंही नाही.

माझा मुलगा साखर कारखान्यात क्लार्क आहे. त्याला हे मुळीच पटलं नाही. तो आणि आणखी काही आईबाप हेडमास्तरांकडं गेले. हे रिटायर हेडमास्तर धर्मग्रामाच्या कौन्सिलचे सेक्रेटरी. हेडमास्तर वाईट माणूस नव्हे. त्यांच्या वडिलांना शाळेच्या बाहेर बसवत, आणि त्यांनी स्वतः शाळा चालवली. एका रविवारी मिस्सेनंतर ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि आवाज न चढवता बोलले. जे काम आपल्या कपाळावरून पुसायला तीन पिढ्या गेल्या, ते हा माणूस आपल्या पोरांच्या हातात परत देतो आहे. गाव बघतं आहे. गाव म्हणेल, एवढे शिकले तरी शेवटी आपल्या कामावर आले. तेव्हा ज्याला दृढीकरण हवं त्यानं कबरी आणि कोप्या सोडाव्यात. नाही सोडल्या तर त्याचं नाव बिशपांपुढं वाचलं जाणार नाही.

फादर खाली पाहत होते. निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण माझी मान दुखत होती.

सगळ्यांना वाटलं, कंडक्टर आता भांडणार. त्याला ते दृढीकरण काही कमी मोलाचं नव्हतं. त्या पोरांना बिशपांपुढं उभं करण्यासाठीच तो वर्षभर राबला होता. पण त्यानं पोरांकडं पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "ऐकलं न्हवं? बिशपाम्होरं उभं ऱ्हायचं असंल त्यानं आत्ताच उतरा. मी वाईट वाटून घेनार न्हाई."

निम्म्याहून जास्त पोरं उठली आणि आईबापांच्या बाकावर जाऊन बसली. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या वयात पांढरे कपडे, केक, पाहुणे, घड्याळाची भेट हे सगळं सोडणं सोपं नसतं. मूठभर राहिली. माझी नात त्यात. तिच्या बापानं तिला बाकावरूनच हाक मारली. तिनं ती ऐकली आणि जागची हलली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस बापलेक एकमेकांशी बोलत नव्हती. मी दोघांच्या मधे बसून भाकरी वाढायची.

बिशप आले. मंडप पडला, लेझीम झालं, पोरं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं बसली. हेडमास्तरांनी माइकवर एकेक नाव वाचलं आणि ते ते पोर उठून 'हजर' म्हणालं. ज्यांची नावं गाळली ती पोरं बाहेर होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कंडक्टरनंही नाही. ती आपली आपण आली आणि पाण्याचे जार उचलायला लागली, पाहुण्यांच्या मोटारसायकली सावलीत लावायला लागली. जेवण दुसऱ्यांच्या मानाचं, आणि पातेली ही पोरं उतरवत होती. मी स्वयंपाकाच्या मांडवातून ते पाहत होते आणि चुलीपेक्षा माझं डोकं जास्त तापलं होतं.

मिस्सा झाल्यावर बिशपांच्या अंगठीचं चुंबन घ्यायला लोक रांगेत लागले. मीही लागले. माझी पाळी आली तेव्हा मी अंगठीला ओठ टेकवले आणि त्यांचा हात सोडला नाही.

"तेल उरलंय का?" मी विचारलं.

बिशपांना वाटलं, म्हातारीला काही दुखणं आहे. त्यांनी मायेनं विचारलं की आजी, काय होतंय.

"मला काय धाड भरलीय? बाहेर पानी वाढत्यात ती पोरं ऱ्हायल्यात. त्यांनी मयताची कबर खनली, टोळीची लेकरं न्हाऊ घातली, म्हनून त्यांची नावं वाचली न्हाईत. उरलं असंल तर त्यांना लावा. न्हाई तर मला सांगा, ते तेल लावत्यात तरी कशापायी."

हेडमास्तर घाईनं पुढं आले, पण बिशपांनी त्यांना हातानं थांबवलं. फादरांना दोन गोष्टी विचारल्या, उत्तरं ऐकली आणि म्हणाले, त्या मुलांना आत बोलवा, आत्ताच लावतो.

पोरं हात पुसत आली. कंडक्टर दाराशी होता. माझी नात सगळ्यांच्या पुढं. बिशप तिला म्हणाले, ये बाळ, गुडघे टेक. ती उभीच राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"माफ करा. असं मागून नको. पुढच्या वेळी याल तेव्हा आमची नावं वाचा, सगळ्यांसारखी, माइकवरून. तोपर्यंत आम्ही थांबतो." मग म्हणाली, पंगत बसली आहे, आणि वळून गेली. बाकीची तिच्या मागं गेली.

मी बिशपांचा हात सोडला. भर चर्चमध्ये तोंड वर करून मागितलेलं तेल कार्टीनं परत केलं, ह्याचा मला राग आला. मला वाटलं, कंडक्टर मनातून खूश झाला असेल. जवळ जाऊन पाहिलं तर त्याचा चेहरा उतरला होता.

"आक्का," तो म्हणाला, "हे मी शिकिवलेलं न्हाई."

बिशप आमच्याकडं दर वर्षी येत नाहीत. दोन वर्षं गेली. कौन्सिलनं वर्ग कंडक्टरकडून काढून घेतला. पण घंटा वाजली की ती पोरं जातच राहिली. बाकावर जाऊन बसलेल्यांपैकीही काहीजण फावडं घेऊन परत आले. कंडक्टरनं त्यांना बाजूला सरकून जागा करून दिली. माझा मुलगा एकदा लेकीला डबा द्यायला म्हणून दफनभूमीत गेला तो संध्याकाळी मातीनं भरून घरी आला. मी आंघोळीचं पाणी काढलं. जेसीबीवाल्याचं आमच्याकडचं काम मात्र बंद झालं.

बिशप पुन्हा आले. त्याआधी कौन्सिलमध्ये पुष्कळ बोलाचाली झाली होती आणि पोरं काही सोडायला तयार नव्हती, शेवटी कौन्सिलनंच अट सोडली. हेडमास्तर माइकपुढं उभे राहिले आणि आधी त्या राहिलेल्या पोरांची नावं वाचली. माझ्या नातीचं नाव वाचताना त्यांचा आवाज भरून वगैरे आला नाही. त्यांना ते अजूनही पटलेलं नव्हतं. पण वाचलं, पूर्ण वाचलं, बापाच्या नावासकट. मला तेवढं पुरे होतं.

मी मागं वळून पाहिलं तर दाराशी कंडक्टर नव्हता.

त्या पहाटे कालव्याकडच्या वस्तीवरची एक म्हातारी गेली होती. घंटा ऐकून पोरं उठून जातील म्हणून कंडक्टरनं ती वाजवू दिली नाही आणि त्या वयात एकटाच टिकाव घेऊन दफनभूमीत गेला. शेजारच्या बाईनं हे मला मिस्सा चालू असताना सांगितलं. पोरांना तेल लावून झालं, ती जागेवर येऊन बसली, तशी मी उठले आणि पुढं जाऊन नातीच्या कानात सांगितलं. लोक बघत होते. बघू दे.

शेवटचा आशीर्वाद झाला आणि ती पोरं बाजूच्या दारानं निघाली. मी माझ्या चालीनं मागून पोचले, तेव्हा कंडक्टर कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता आणि त्याला धाप लागली होती. त्यानं वर पांढरे कपडे पाहिले आणि खेकसला, "आज मुभा न्हाई. आज हुकूम हाय माझा. घरी जा."

त्यानं त्यांना केलेला तो एकुलता एक हुकूम. पोरांनी ऐकला नाही. दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर काढलं आणि बाभळीखाली नेऊन पाणी पाजलं. तो त्यांना बोलत होता ते इथं लिहिण्यासारखं नाही. नातीनं ओढणी कमरेला बांधली आणि फावडं घेऊन आत उडी मारली.

घरी पाहुणे केकभोवती ताटकळले होते. मुलानं फोटोवाल्याला कसंबसं थोपवून धरलं होतं. नात दारात आली तेव्हा ड्रेस गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. कुणीतरी म्हणालं, आधी कपडे बदलून घे. मी म्हटलं, बदलायचे नाहीत, असाच काढा फोटो.

तो ड्रेस वाया गेला. लिंबू लावलं, सोडा लावला, पण काळ्या मातीचा डाग निघत नाही. फोटो आमच्या पुढच्या खोलीत, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा लावला आहे. गावातलं कुणी कामानं येतं, खुर्चीवर बसतं आणि पोरीच्या कपड्यावर हे काय म्हणून विचारतं. मी सांगते, कबर खणली आमच्या पोरीनं. तुम्ही कुणी सांगितलं नव्हतं, तिनं खणली.